मांजराच्या गळ्यात नोंदवहीची घंटा

बदलापूर पूर्वेला कात्रपच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी मासेवालीने टोपली टेकवली, की दोन मिनिटांत गाड्यांखालून, मीटरच्या खोलीमागून, शेजारच्या अर्धवट बांधकामातून मांजरं गोळा होतात. बोंबील साफ करता करता एखादं डोकं ती त्यांच्याकडे भिरकावते. तिसऱ्या मजल्यावरून कोणी दूध-पोळी घेऊन उतरतं, तर कोणी स्कूटरचं फाटलेलं सीट दाखवत वॉचमनवर डाफरतं. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, मांजर्ली नावाचा अख्खा भाग आहे. पण मांजरं मोजायला बसलं तर कात्रपही त्याला हार जाणार नाही.

मोजायला मात्र कोणी बसत नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते. खाली खेळणाऱ्या मुलाला मांजराने बोचकारलं आणि घरचे त्याला घेऊन दवाखान्यात धावले, की डॉक्टर विचारतात, “मांजर कोणतं? पाळलेलं की भटकं? आता कुठे आहे?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “असंच, खालचं एक.” या ‘खालच्या एका’ची जागा ‘बी विंगेपाशी राहणारी, तुटक्या शेपटीची, पोटाशी पांढरी मांजरी, आज सकाळी खाऊन गेली’ अशा उत्तराने घेतली, तर निम्मं काम झालं. भटक्या मांजरांमधल्या आजारांवर लक्ष ठेवण्यासाठी प्रयोगशाळा लागते, ती नंतर. आधी लागते एक शंभर पानी वही.

जनावर आधी सांगतं

जनावरांकडून माणसाकडे येणाऱ्या आजारांची चाहूल अनेकदा जनावरांतच आधी लागते. कर्नाटकातल्या शिमोगा भागात १९५७ मध्ये माणसं तापाने फणफणली तेव्हा जंगलात माकडंही मरत होती. म्हणून त्या आजाराला आपल्याकडे माकडताप म्हणतात. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात दिसला. त्या पट्ट्यात मेलेलं माकड दिसलं की कळवा, हात लावू नका, ही सूचना आज गावकऱ्यांना नवी नाही. मेलेलं माकड ही तिथे आरोग्य खात्यासाठी धोक्याची घंटा असते.

शहरात माकडाची ती जागा मांजर घेऊ शकतं. ते उंदीर खातं, कबुतरं आणि कावळे पकडतं, चिकनच्या दुकानामागचा कचरा उपसतं आणि रात्री कोणाच्या तरी पायपुसण्यावर झोपतं. उंदरांचं, पक्ष्यांचं आणि माणसांचं जग एकाच दिवसात ओलांडणारा त्याच्याइतका दुसरा प्राणी सोसायटीत नाही.

ताजं उदाहरण विदर्भातलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचं. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात घरच्या मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. त्याआधी २०२३ मध्ये पोलंडमध्ये अनेक मांजरं या आजाराने मेली होती. वाघ काय आणि बोका काय, कुळ एकच. कच्च्या कोंबडीतून किंवा आजारी पक्ष्यातून येणारा विषाणू दोघांनाही झेपत नाही.

बदलापूरकरांना नागपूर लांब वाटेल. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू निघाला होता तो ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत. तिथल्या परिसरात हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.

कशावर नजर, कशाची भीती नको

मांजरांशी जोडल्या जाणाऱ्या आजारांची यादी लांबलचक आहे, पण सगळे एका तोलाचे नाहीत. वहीत कशाला वरचं पान द्यायचं, हे आधी ठरवावं.

पहिलं पान रेबीजचं. आपल्या देशात तो मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, त्यामुळे मांजराचा ओरखडा अंगावर काढण्याची सवय जडली आहे. ती घातक आहे, कारण लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर खात्रीचा उपचार नाही. एरवी लाडात येणारं मांजर अचानक अंगावर धावून येणं, किंवा उलट अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसणं, आवाज बदलणं, तोंडातून लाळ गळणं, मागचे पाय लटपटणं, ही लक्षणं दिसली तर जवळ जाऊ नये, मुलांना तिथून हलवावं आणि लगेच पशुवैद्यकाला कळवावं.

दुसरं पान आकस्मिक मरणांचं. एका आठवड्यात एकाच आवारात दोन-तीन मांजरं मेली, तर त्यामागे बहुधा पॅनल्यूकोपेनिया असतो. उलट्या-जुलाबांनी पिल्लं पटापट नेणारा हा आजार मांजरांचाच. माणसाला तो होत नाही. कधी विषारी गोळ्या खाल्लेले उंदीर मांजरांच्या पोटात गेलेले असतात. पण त्याच दिवसांत कावळे, कबुतरं किंवा कोंबड्याही मरून पडत असतील, तर अंदाज बांधत बसू नये. तो निरोप त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकाकडे गेला पाहिजे.

तिसरं पान कातडीचं. कान, नाक, पंजे यांवर गोलसर, केस गेलेले, खवलेदार चट्टे दिसले तर गजकर्णाची शंका घ्यावी. पिल्लांना ते जास्त होतं आणि त्यांना कुशीत घेणाऱ्या मुलांच्या हातांवर, गालांवर उतरतं. अर्थात घरात कोणाला गजकर्ण झालं की खापर मांजरावर फोडू नये. सध्या महाराष्ट्रात औषधांना दाद न देणारं जे गजकर्ण पसरलं आहे, ते मुख्यतः माणसाकडून माणसाला, टॉवेल-कपड्यांमधून जाणारं आहे.

तरीही कातडीचं पान कोरं ठेवू नये, ते का, हे ब्राझीलच्या रिओ दि जानेरोने दाखवलं आहे. तिथे १९९८ च्या सुमारापासून स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीजन्य आजार मांजरांच्या ओरखड्यांतून माणसांत पसरला आणि रुग्णांचा आकडा हजारांत गेला. आपल्याकडे हा आजार बहुतांशी मातीतून, काटा लागून होतो. मांजरांतून तसा पसरलेला नाही. पण नाकावरची न भरणारी जखम घेऊन फिरणारा बोका वहीत आला, तर उद्या असं काही आलंच तरी ते लवकर दिसेल.

चौथं पान पिसवांचं. मांजराच्या पिसवांच्या विष्ठेतून बार्टोनेला नावाचा जिवाणू नखांत जातो आणि ओरखड्यातून माणसात उतरतो. एक ते तीन आठवड्यांनी काखेत, मानेत किंवा जांघेत गाठ येते, ताप येतो. निरोगी माणसात हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. पण गाठ आली की डॉक्टरांना मांजराचा ओरखडा आठवणीने सांगावा, म्हणजे नको त्या तपासण्या टळतील. पिसवांमधून रिकेट्सिया गटातले तापही येतात.

टोक्सोप्लाझ्माला अर्धं पान पुरे, कारण मांजराकडे बघून तो ओळखता येत नाही. या परजीवीचं आयुष्यचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होतं, हे १९७० च्या आसपास सिद्ध झालं. त्या संशोधकांत महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून गेलेले जितेंद्र दुबे हेही होते. संसर्ग झालेलं मांजर साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून त्याची अंड्यासारखी बीजं टाकतं. ही बीजं बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, आणि मग ओलसर मातीत महिनोन् महिने टिकतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर धोका तिथेच बराचसा संपतो. माणसाला हा संसर्ग मांजराला कुरवाळून क्वचितच होतो; तो होतो अर्धकच्चं मटण, न धुतलेली भाजी, मातीचे हात आणि दूषित पाणी यांतून. २००४-०५ मध्ये कोइमतूरमध्ये डोळ्यांच्या टोक्सोप्लाझ्मोसिसचे २४८ रुग्ण आढळले होते, आणि संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावर गेला होता.

लेप्टोस्पायरोसिसचा दोष मात्र मांजरावर टाकू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात त्याची साथ आली. पुराच्या पाण्यातून हा आजार पसरवतात ते मुख्यतः उंदीर. उल्हास नदीला पूर आल्यावर चिखलातून चालून आलेल्या माणसाला ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं सांगावं.

वही कशी ठेवावी

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. मोजणी अवघड होते ती याचमुळे. आज जिन्याखाली दिसलेली चार पिल्लं उद्या गच्चीवरच्या टाकीमागे असतात आणि दोघं जण ती आठ मोजतात. त्यावर उपाय म्हणजे ठरलेली वेळ आणि ठरलेला माणूस. सकाळी किंवा संध्याकाळी खाणं घालण्याच्या वेळी मांजरं स्वतःहून हजर होतात. मोजणी तेव्हाच करावी. रोज खाऊ घालणारी व्यक्ती आणि वॉचमन एवढे दोघे पुरतात.

प्रत्येक मांजराला एक ओळ द्यावी: रंग, शेपटी, कान, नर की मादी, राहण्याची जागा, कानाचं टोक छाटलेलं आहे का, लस कधी दिली. निर्बीजीकरण झालेल्या मांजराच्या कानाचं टोक छाटून खूण करतात, त्यामुळे लांबूनही ते ओळखू येतं. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ओळीपुढे त्याचा क्रमांक लिहावा. नाव ठेवायलाही हरकत नाही. ‘सात नंबर’पेक्षा ‘काळू’ पटकन आठवतो, आणि मुलंही नजर ठेवू लागतात.

आठवड्यातून एकदा पाच गोष्टी लिहाव्यात. किती दिसली? नवी कोण, गायब कोण? कोण आजारी, आणि लक्षण काय? कोण मेलं, कुठे? कोणाला चावा किंवा ओरखडा, कोणत्या तारखेला? शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव लिहून वही सूचनाफलकावर लावू नये. फ्लॅटमधल्या आजाराची चर्चा जिन्यात व्हायला नको. तारीख, वय आणि इमारत एवढं पुरेसं आहे.

पावसाळ्यात ही नोंद आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांनी करावी. जून ते सप्टेंबरात पिल्लं कोरड्या जागेच्या शोधात जिन्यात येतात, पिसवा वाढतात आणि माणसांशी संबंधही.

दहा दिवसांचा हिशेब

चावा किंवा ओरखडा आलाच, तर पहिली पंधरा मिनिटं नळाखाली. वाहतं पाणी आणि साधा साबण यांनी जखम धुवावी, मग जंतुनाशक लावावं. हळद, मिरची, चुना, तेल, कॉफी यांतलं काहीही भरू नये. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून छिद्र बारीक दिसतं आणि आत जंतू खोल जातात. म्हणूनच हातावरचा चावा एका दिवसात सुजून लाल होऊ शकतो. टाके घालायची घाई नको, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टरांना विचारावं.

रेबीजसाठी जखमेचे तीन प्रकार मानले जातात. अखंड कातडीला चाटलं असेल, तर लस लागत नाही. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा असेल, तर लस लागते. रक्त आलं असेल किंवा जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली असेल, तर लस आणि जखमेभोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही लागतं. सरकारी दवाखान्यांत लस कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. खासगीत स्नायूत देताना बहुधा ०, ३, ७, १४ आणि २८ असे दिवस असतात. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक ठिकाणी मिळत नाही, म्हणून सोसायटीने शांत वेळी नगरपरिषदेच्या दवाखान्यात आणि उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात चौकशी करून कुठे काय मिळतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. रात्री अकरा वाजता रडणारं मूल कडेवर घेऊन ही चौकशी करणं जड जातं.

वहीची खरी किंमत इथे कळते. कुत्रा किंवा मांजर चावल्यानंतर दहा दिवस निरोगी राहिलं, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, असं मानतात. लस लगेच सुरूच करायची असते. पण मांजर ओळखीचं असलं आणि दहाव्या दिवशी ठणठणीत दिसलं, तर पुढचे डोस द्यायचे की नाहीत हे डॉक्टर ठरवू शकतात. मांजर त्या दहा दिवसांत मेलं किंवा दिसेनासं झालं, तर उपचार पूर्ण करण्यात कुचराई करायची नाही, हेही स्पष्ट होतं. ‘खालचं एक’ मांजर असा हिशेब देऊ शकत नाही. काळू देऊ शकतो.

निरोप कोणाकडे

एका आजारी मांजरासाठी जवळचा पशुवैद्यक पुरे. कातडीचं खरवड, विष्ठा, रक्त यांचे नमुने त्यानेच घ्यावेत. मोठ्या तपासणीसाठी परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे १८८६ पासून काम करतं आहे. मरणांचा गठ्ठा दिसला, रेबीजची शंका आली किंवा पक्षीही मरू लागले, तर तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्याला आणि नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला एकाच वेळी कळवावं. पशुवैद्यकीय सेवेचा मदत क्रमांक १९६२ आहे. फोनवर वहीतली तारीख, संख्या आणि लक्षण वाचून दाखवावं. ‘मांजरं मरतायत’ या तक्रारीपेक्षा ‘सोमवार ते गुरुवार तीन मांजरं, दोन कावळे, सगळी एकाच इमारतीमागे’ हा निरोप अधिकाऱ्याला धावायला लावतो.

मेलेल्या मांजराला उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे, मास्क, दुहेरी पिशवी, नंतर साबणाने हात, हा क्रम चुकवू नये. रेबीज किंवा बर्ड फ्लूची शंका असेल तर हातच न लावता जागा अडवून ठेवावी.

ताटली, रेती आणि टाकी

मांजरांना कच्ची कोंबडी, आतडी किंवा कातडं घालू नये, शिजवून घालावं. बर्ड फ्लू आणि टोक्सोप्लाझ्मा दोन्ही त्याने रोखले जातात. मासेवालीला आणि चिकनवाल्याला हे सोसायटीने विनंती करून सांगावं; त्यांनाही दुकानामागचा चिखल नकोच असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाणं घालण्याची जागा ठरवून देणं ही रहिवाशांच्या संघटनेची किंवा स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि ती जागा जिने, फाटक, मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर हवी. अर्ध्या तासात ताटली उचलली, तर उंदीरही येत नाहीत.

कात्रपमध्ये इमारतींचं काम कुठे ना कुठे चालूच असतं, आणि रेतीचा उघडा ढीग म्हणजे मांजरांचं शौचालय. त्याच ढिगावर मुलं किल्ला करतात. मांजरांच्या विष्ठेतले जंत आणि टोक्सोप्लाझ्मा हाताला लागतात ते असे. दिवस संपताना ढिगावर ताडपत्री घालायला लावणं हा बिल्डरकडे मागायचा साधा हक्क आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकणही घट्ट हवं. क्लोरिनने टोक्सोप्लाझ्माची बीजं मरत नाहीत, उकळल्याने मरतात.

घरात गर्भवती असेल, तर मांजर हाकलायची गरज नाही. विष्ठेची सफाई दुसऱ्याने रोज करावी, तिने कुंड्यांतल्या मातीला हात लावताना मोजे घालावेत, मटण पूर्ण शिजवावं, तपासणीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयवरोपण झालेल्या माणसांनी तर पिल्लांचे ओरखडे आणि पिसवा टाळायलाच हव्यात.

हाकलून काय होतं

‘सगळी पोत्यात भरून लांब सोडून या’ हा सल्ला प्रत्येक सभेत कोणीतरी देतोच. मोकळ्या झालेल्या जागेत काही दिवसांत अनोळखी, बिनलसीची मांजरं येतात आणि वहीतली सगळी ओळख पुसली जाते. विष घालणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिवाय मांजर गेलं की उंदराचं फावतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतरच्या काळात अमरावतीत असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉ. बुकानन यांनी प्लेग टाळण्यासाठी मांजरं पाळा, असा आग्रह धरला होता. पुढे मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो, हे अमेरिकेतल्या रुग्णांवरून कळलं. मांजर रक्षक की संशयित, हा वाद शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट मान्य करावी लागते, की त्याच्यावर नजर हवी.

संख्या आटोक्यात ठेवण्याचा रस्ता निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हाच आहे. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांसाठी निर्बीजीकरणाची मोहीम सुरू केली. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेकडे अशी मागणी करताना सोसायट्यांच्या हातात वह्या असतील, तर किती माद्या, कोणत्या गल्लीत, किती पिल्लं हे आकडे अर्जाबरोबरच जोडता येतील. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग दरवर्षी एक. पाच-सहा सोसायट्यांनी मिळून एका रविवारी पशुवैद्यकाला बोलावलं, तर खर्च वाटला जातो. मांजर पकडण्याचं काम मात्र पिंजरा असलेल्या सरावाच्या माणसांनाच द्यावं.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदरांच्या सभेत कोणी पुढे आलं नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत वहीचा विषय घ्यावा, दोन नावं ठरवावीत आणि त्याच संध्याकाळी मासेवालीची टोपली टेकली की पहिली मोजणी करावी.